निकाल टीव्हीवर लागलाच आहे, मग मत कशाला देऊ?

"ताई, निकाल तर टीव्हीवर लागूनच गेलाय. मग मी उन्हातान्हात रांगेत कशाला उभा राहू?"

मे २०२४. इंदूरच्या सुदामानगरचे काका, बँकेतून निवृत्त. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काकूंनी त्यांना आणलं ते वेगळ्याच कारणाने: झोप उडालेली, बीपी वाढलेलं, रोज जेवताना मुलाशी वादावादी.

निवडणूक आली की अशी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी हमखास येतात. त्या वर्षी इंदुरात निमित्तही मोठं होतं. २९ एप्रिलला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि मग दिवसरात्र तेच सुरू. लढत एकतर्फी, आता उरलंच काय! काका ते ऐकत होते आणि आतून विझत चालले होते.

मी वाद घातला नाही. कागदावर मधोमध रेघ मारून दिली. डावीकडे काल टीव्हीवर काय ऐकलं ते लिहा, उजवीकडे तुमच्या घराचं काय अडलंय ते. डावी बाजू भराभर भरली: कोण फुटला, कोण कोणाला काय बोललं, कोणाला किती जागा. उजवीकडे पेन अडलं. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिलं, 'नर्मदेचं पाणी एक दिवसाआड.' मग पेन्शन. मग नातवाची नोकरी.

"यातलं एकही डावीकडे नाही हो," ते म्हणाले.

हे काकांचंच होतं असं नाही. १९६८ साली अमेरिकेत चॅपल हिलला मॅकॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी मत न ठरवलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न विचारले. बातम्यांनी जे उचलून धरले होते, जवळजवळ तेच प्रश्न त्यांनी सांगितले. कोणाला मत द्यायचं हे बातम्या क्वचितच ठरवतात, पण कशाचा विचार करायचा हे बरंचसं ठरवून जातात. नेतेही मग कॅमेऱ्याला रुचेल तेच बोलतात. पाण्याच्या टाकीवर कोण चर्चा ठेवणार? माणूस हताश होतो तो इथे, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो.

आम्ही एवढंच ठरवलं: बातम्या सकाळी पेपरात, आणि टीव्ही लावण्याआधी उजवी बाजू एकदा वाचायची. १३ मेला काका मत देऊन आले. कोणाला दिलं, मी विचारलं नाही. पण मताची नोंद होतेच. त्या निवडणुकीत इंदुरात 'नोटा'लाच, म्हणजे 'यापैकी कोणीही नाही' या पर्यायाला, २,१८,६७४ मतं पडली.

१ जूनला एक्झिट पोल आले तेव्हा काकांचा फोन आला, "आता काय?" चार तारखेपर्यंत थांबा, म्हटलं. बहुतेक पोल एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा देत होते. प्रत्यक्षात २९३ आल्या.

मुलाशी वाद कमी झालेत. टीव्हीवरची रात्रीची चर्चा मात्र अजून सुटलेली नाही, त्यामुळे झोपेवर आमचं काम चालूच आहे.