ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर डिझेल जास्त पितो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कारखान्यांचे बॉयलर पेटले की दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमालकांचे तेच ते प्रश्न येतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : डिझेलच्या पाइपला लोहचुंबक लावला तर अ‍ॅव्हरेज वाढतं का?

नाही. त्या पैशात डिझेल फिल्टर बदला.

प्रश्न : ओढ कमी वाटली म्हणून फिटरनं डिझेलचा पंप वाढवून (जास्त डिझेल सोडेल असा करून) दिला. आता काळा धूर येतो, पण ओढतो जोरात. चालेल का?

चालणार नाही. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. ओढ कमी झाल्यावर आधी एअर क्लीनर उघडायचा. पाणंदीतल्या धुळीनं ऑइल बाथमधल्या (क्लीनरच्या तळाच्या, धूळ पकडणाऱ्या वाटीतल्या) तेलाचा चिखल होतो. हंगामात ते रोज बघा, तेल खुणेपर्यंतच भरा. मग नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग. पंपाचं सील तोडून अंदाजानं स्क्रू फिरवू देऊ नका. पंप आणि नोझल कॅलिब्रेशन सेंटरमध्ये बेंचवर तपासून घ्या. ५० एचपीवरचा, २०२३ नंतरचा ट्रॅक्टर बहुधा कॉमन रेलचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणानं डिझेल सोडणारा असतो. तो थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

प्रश्न : इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकलाय. बरोबर ना?

चूक. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरम होत नाही. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, लायनरही लवकर झिजतात. नवा बसवा, रेडिएटरच्या जाळीतला पाला काढा, फॅनबेल्ट ताणून घ्या. तरी काटा चढला तर त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवा. ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचं हेड गॅस्केट त्याआधीच जातं.

प्रश्न : पन्हाळ्याच्या बाजूनं भरल्या ट्रॉल्या उतरवताना न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं, असं सगळेच ड्रायव्हर सांगतात. खरं का?

खोटं, आणि जिवावर बेतणारं. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि गव्हर्नर (वेगानुसार डिझेल कमी-जास्त करणारा पंपाचा भाग) डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट इंजिनाचा ब्रेक जातो आणि मागचं सगळं वजन ट्रॅक्टरला ढकलू लागतं. एक ट्रॉली तिरकी झाली की ट्रॅक्टर आडवा. क्लच दाबून उतरणंही तेच.

उतार सुरू होण्याआधीच गिअर निवडा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, तोच. मधेच बदलायला गेलात तर कित्येक ट्रॅक्टरचा पुढचा गिअर पडतच नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. हँड अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण कमी करा. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं खिट्टीनं जोडलेली हवीत. शेतातून निघताना ती जोडायची राहते आणि एकाच चाकाला ब्रेक लागतो. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर डिझेलचा हिशेब बाजूला ठेवा, आधी ब्रेक बसवा. हे ड्रायव्हरला मालकानं स्वतः सांगायचं.

प्रश्न : यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवावं का?

बंद करा. टर्बो असेल तर दोन-तीन मिनिटं रेस न करता चालू ठेवून मग. स्टार्टर उचलत नाही म्हणून चालू ठेवत असाल तर बॅटरी तपासून घ्या.

प्रश्न : ट्रॉली जड ओढते. टायरमध्ये हवा किती हवी?

आकडा टायरच्या मापावर आणि प्लायवर (टायरच्या थरांच्या मजबुतीवर) ठरतो. टायरवाल्याला भरलेल्या ट्रॉलीचं वजन सांगून विचारा. हवा थंड टायरमध्येच मोजा. पण जड ओढण्याचं कारण बऱ्याचदा हवा नसतंच. रिकामी ट्रॉली जॅकवर उचलून चाक हातानं फिरवा. अडखळलं तर ब्रेक शू घासतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. खेपेनंतर हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात न्या. एकच हब जास्त तापलेला असेल तर तो उघडून ग्रीस बदलल्याशिवाय पुढची खेप भरू नका.