आवाज एआयनं बनवलेला असेल तर गुन्हा कोणत्या कायद्यात बसतो?

तुमच्या काकांची मोंढ्यात सोयाबीनची खरेदी. आडत्याच्या हुबेहूब आवाजात व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट आली, "खातं बदललंय, पट्टीचे पैसे यात टाका", आणि पैसे गेले. वर ठाण्यात ऐकवलं की एआयचा कायदाच नाही, गुन्हा काय लावायचा.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला नसेल तर आधी तो करा, उत्तर नंतर वाचा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवले गेले तरच हाती लागतात.

मी लातूरला वकिली करतो. ठाण्यातलं म्हणणं अर्धंच खरं आहे. एआयसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. युरोपात आहे, 2024 पासून, पण त्याचा भर प्रणाली बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कंपन्यांवर. काकांना त्याचा काय उपयोग? इथं आवाज कशानं काढला हे कायदा विचारतच नाही. मोबाइल किंवा कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याची बतावणी केली आणि फसवलं, की आयटी कायद्याचं कलम 66-डी लागतं: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. सोबत न्याय संहितेचं 318(4), म्हणजे आपलं जुनं चारशेवीस, 7 वर्षांपर्यंत. 66-सी ओळख चोरण्याबद्दल आहे. त्यात पासवर्ड, ई-सही यांच्या जोडीला 'इतर विशिष्ट ओळख' आहे. आवाज त्यात बसतो असं मी तरी कोर्टात मांडेन, मान्य होईलच असं नाही.

खरी गोम कलम 78 मध्ये आहे. आयटी कायद्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि आपल्याकडं खेड्यापाड्यातली कितीतरी ठाणी एपीआयच्या, म्हणजे निरीक्षकाच्या खालच्या सहायक पोलीस निरीक्षकाच्या, हाताखाली चालतात. म्हणून कागद जिल्ह्याच्या सायबर ठाण्याकडं सरकवायची घाई. एआयचा कायदा येईल तेव्हा येवो, आधी ही अट सैल करा, असं माझं मत. पण तपास कुणीही करो, एफआयआर नोंदवायला त्याची आडकाठी नाही.

आता पुरावा. शरमेपोटी चॅट उडवणारे लई बघितलेत. काकांना तेवढं करू देऊ नका. फॉरवर्ड केलेल्या प्रतीवर भागत नाही, मूळ फोन जपा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा-अक्षरांचा संच, लिहायची असते. भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा. आडत्याची एखादी जुनी, खरी व्हॉइस नोट फोनमध्ये असेल तर तीही द्या, तुलनेला लागेल.