बायॉप्सी म्हणते साधी गाठ, मग ऑपरेशन कशाला?

प्रश्न : डॉक्टरबाई, बाबांचं वय ६८. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली, तर डाव्या किडनीत २.८ सें.मी.ची गाठ निघाली. सीटी स्कॅनमध्ये कॅन्सरची शंका आली म्हणून बायॉप्सी केली. रिपोर्ट असा : 'ऑन्कोसायटिक ट्यूमर, ऑन्कोसायटोमा असण्याची शक्यता जास्त.' हा साधा, म्हणजे कॅन्सर नसलेला ट्यूमर असतो म्हणे. तरी एक यूरॉलॉजिस्ट म्हणतात काढून टाका, दुसरे म्हणतात थांबा, लक्ष ठेवू. आत्याचं म्हणणं, सुई टोचली की कॅन्सर पसरतो, बायॉप्सी करायलाच नको होती. भरवसा कशावर ठेवायचा? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : आधी आत्याबाईंचं बघू. हल्ली बाहेरची पोकळ सुई एकदाच बसवतात आणि तिच्या आतून बारीक सुई घालून तुकडे काढतात. सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याची उदाहरणं आहेत, पण फारच विरळा. खरा त्रास होतो तो किडनीभोवती रक्त साकळण्याचा, आणि तेही बहुधा आपोआप जिरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी बंद करायला लावतात त्या यासाठीच.

आता भरवशाचं. किडनीची बायॉप्सी 'कॅन्सर' म्हणाली, तर ते जवळपास नेहमीच खरं ठरतं. 'कॅन्सर नाही' म्हणाली, तर तितकं नाही. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेला एक आढावा प्रसिद्ध झाला. बायॉप्सीत कॅन्सर न दिसूनही ज्यांची गाठ काढली, त्यांच्यातल्या साधारण तिघांतल्या एकाला कॅन्सर निघाला. आकडा ऐकून दचकू नका. साध्या रिपोर्टनंतरही ऑपरेशन होतं ते मुख्यतः डॉक्टरांना गाठ संशयास्पद वाटते तेव्हाच. बाकीचे लोक घरी बरे असतात, ते या हिशोबात येतच नाहीत. आणखी एक, साधारण १४ टक्के बायॉप्सींमध्ये निदानच होत नाही. नातेवाईक त्याचा अर्थ 'काही निघालं नाही' असा लावतात आणि निर्धास्त होतात. तसं करू नये, बायॉप्सी पुन्हा करावी.

सगळ्या साध्या गाठी अशा छळत नाहीत. अँजिओमायोलिपोमात चरबी असते, ती सीटीवरच दिसते, सुईची गरजच पडत नाही. चरबी कमी असली तरी एचएमबी-४५ हा स्टेन (ठरावीक पेशींनाच रंग चढवणारी तपासणी) लावला की बहुतेक वेळा उलगडा होतो.

ऑन्कोसायटोमा मात्र आम्हा पॅथॉलॉजिस्टना घाम फोडतो. माझ्याकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीतून येतात ते मिलिमीटरहूनही बारीक दोन-तीन तुकडे. मायक्रोस्कोपखाली गुलाबी, दाणेदार पेशी, मायटोकॉन्ड्रियांनी (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या कणांनी) गच्च भरलेल्या, केंद्रकं गोल आणि शांत. क्रोमोफोब नावाच्या कॅन्सरचा एक प्रकार थेट असाच गुलाबी दिसतो. मग मी सुरकुतलेली केंद्रकं आणि त्यांच्याभोवतीचं पांढुरकं वलय शोधत बसते. सीके-७ स्टेन लावला की ऑन्कोसायटोमात इकडेतिकडे एखाददुसरी पेशी तपकिरी होते, क्रोमोफोबमध्ये पुष्कळ. आणि मधलंच काही दिसलं तर? शिवाय काही गाठींत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. ऑन्कोसायटोमाचा रिपोर्ट आलेल्या ज्या गाठी पुढे काढल्या गेल्या, त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश खरोखर तशा निघाल्या. तुमच्या पॅथॉलॉजिस्टने 'शक्यता जास्त' एवढंच लिहिलं, ते मला प्रामाणिक वाटतं.

तरीही मी दुसऱ्या यूरॉलॉजिस्टच्या बाजूने झुकते. समजा क्रोमोफोब निघालाच, तरी तो सहसा संथ वाढतो, आणि तीन सेंटिमीटरच्या आत असताना क्वचितच पसरतो. ६८व्या वर्षी लक्ष ठेवून थांबणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. अर्थात बाबांचं हृदय, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि दुसरी किडनी कशी आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते डॉक्टरांशी बोला. सीके-७ आणि सीडी-११७ हे स्टेन केले होते का, तेही विचारा. लॅबकडून ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि किडनीच्या गाठी नेहमी पाहणाऱ्याला दाखवा. टाटा मेमोरियलमध्ये अशी फेरतपासणी होते. न्यूक्लिअर मेडिसिनमधला सेस्टामिबी स्कॅनही मदतीला येतो. गाठीने त्यासाठी टोचलेलं किरणोत्सारी औषध शोषलं तर ऑन्कोसायटोमाकडे पारडं झुकतं, खात्री मात्र त्यानेही होत नाही.

गाठ थोडी वाढली म्हणून लगेच घाबरू नका, ऑन्कोसायटोमाही वाढतो. वर्षाला पाच मिलिमीटरहून जास्त वाढायला लागली, तर मात्र काढायचा विचार करावा. तेव्हाही एवढ्या गाठीसाठी बहुधा फक्त तेवढा भाग काढतात. कुणी अख्खी किडनी काढू म्हणालं, तर कारण विचारा.

पहिला स्कॅन तीन ते सहा महिन्यांत करा आणि जाताना जुन्या सीटीची सीडी न्या. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, रेडिऑलॉजिस्टला दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून मापं घ्यावी लागतात.