चियाची खीर की चियाचं शिकरण?

प्रश्न दोन आहेत. चिया म्हणजेच सब्जा का? आणि रात्रभर दुधात भिजवून सकाळी खातात त्या ‘चिया पुडिंग’ला मराठीत खीर म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर: नाही. सब्जा हा तुळशीचा भाऊबंद. चिया मेक्सिको-ग्वाटेमालाकडची, तिचं नावही तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘चियान’वरून आलेलं. शंका आली तर भिजवून बघा. काळाभोर सब्जा पाच-दहा मिनिटांत टरारून फुगतो, करड्या ठिपक्यांची चिया निवांत फुगते. गंमत ‘सब्जा’ या शब्दातच आहे. फारसीत ‘सब्ज’ म्हणजे हिरवा, ‘सब्जी’ही तिथलीच. म्हणजे नाव हिरव्या झाडाचं आणि चिकटलं काळ्या बियांना!

आता खीर. मूळ शब्द ‘क्षीर’, म्हणजे नुसतं दूध. व्युत्पत्तीत चूल कुठेच नाही, तेव्हा ‘चियाची खीर’ म्हणणाऱ्याला चूक ठरवता येणार नाही. पण कानाला ते खोटं वाटतं. खीर म्हटलं की पातेलं गॅसवर चढतंच, मग ती शेवयांची असो की गव्हाची. चियासारखेच बुळबुळीत होणारे अळीवसुद्धा बाळंतिणीच्या खिरीसाठी आपण दुधात शिजवतोच की.

न शिजवता दुधात कालवायच्या गोड पदार्थाला आपल्याकडे हक्काचा शब्द आहे: शिकरण. तो संस्कृत ‘शिखरिणी’वरून आला. ती दही, साखर आणि मसाल्याची, म्हणजे तिलाही चूल लागत नसे. केळं नसताना शिकरण कसलं, असं कुणी म्हणेल. पण दह्यावरून दुधावर आलेल्या शब्दाला केळ्यावरून चियावर यायला कितीसा वेळ? शिवाय वरून केळं चिरून घातलंत तर वादच मिटला. (आमच्याकडे ‘ते’ शिकरण, शेजारी ‘ती’. त्या भांडणात मी पडत नाही.)

आणि कृती लिहिताना ‘चिया सोक करा’ कशाला? ‘भिजत घाला’ आहे ना! कपभर दुधाला दोन-तीन मोठे चमचे चिया पुरते. दहा मिनिटांनी एकदा ढवळा, नाहीतर तळाशी गुठळ्या धरतात. मग झाकण लावून खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत भिजत ठेवायचं हे एकच घोंगडं मला मान्य आहे.