हाकेला ओ

प्रश्न : आमच्या लग्नाला चोवीस वर्षे झाली. मी माध्यमिक शाळेत शिकवते, पती एका कारखान्यात अभियंता आहेत. मुलगी गेल्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि घर एकदम शांत झाले. आमच्यात मोठी भांडणे नाहीत. धाकट्या दिरांना दरमहा पाठवायच्या पैशांवरून मात्र दर दिवाळीला तोच वाद होतो. हिवाळ्यात आम्ही सिक्कीमला जाऊन आलो. ते आठ दिवस फार आनंदात गेले, पण महिन्याभरात सारे पूर्वीसारखे झाले. सकाळी मी डब्याच्या घाईत असते आणि ते वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून दाखवत बसतात. माझ्या वर्गातल्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाल्याचे मी संध्याकाळी सांगितले, तर मोबाइलवरची नजर न उचलता ‘छान’ एवढेच म्हणाले. माझी बहीण म्हणते, अपेक्षा कमी ठेव. नात्यात टिकणारा आनंद नसतोच का? तुमचे उत्तर त्यांना दाखवावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सिक्कीमहून आणलेला आनंद महिन्याभरात ओसरला, यात तुमच्या दोघांचाही दोष नाही. जर्मनीतील चोवीस हजारांहून अधिक लोकांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तपासल्या, तेव्हा असे दिसले की लग्नाच्या सुमारास माणसांचे समाधान थोडे वाढते आणि काही वर्षांत, सरासरीने पाहता, पुन्हा पहिल्या पातळीवर येते. लग्नासारख्या घटनेची जर मनाला सवय होत असेल, तर आठ दिवसांच्या सहलीची होणारच. मात्र त्याच अभ्यासात माणसामाणसांत मोठा फरक आढळला : काहींचे वाढलेले समाधान वर्षानुवर्षे टिकले होते, तर काहींचे लग्नानंतर घटले होते. त्यामुळे टिकणारा आनंद नसतोच, असे मी म्हणणार नाही. तो सहलीसारख्या मोठ्या प्रसंगांत शोधू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

तो कुठे असतो, हे तुमच्याच पत्रात दोनदा आले आहे. तुमच्या विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीची गोष्ट तुम्ही पतींना सांगितलीत, ती केवळ माहिती नव्हती. ती हाक होती. आपल्याकडे हाकेला ओ द्यायची असते. पूर्वीच्या मोठ्या घरांत माजघरातून आलेल्या हाकेला ओसरीवरून ओ गेली नाही, तर हाक मारणारा माणूस काळजीने पाहायला येत असे. जोडीदाराच्या अशाच लहान हाकांचा अभ्यास जॉन गॉटमन यांनी सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात केला. नवविवाहित जोडप्यांना त्यांनी एका सदनिकेसारख्या प्रयोगशाळेत राहायला बोलावले आणि त्यांचे साधे बोलणे-चालणे टिपून ठेवले. सहा वर्षांनी पाहिले, तर जी जोडपी एकत्र होती त्यांनी एकमेकांच्या सुमारे 86 टक्के हाकांना ओ दिली होती, आणि जी विभक्त झाली त्यांनी सुमारे 33 टक्के. हे आकडे घेऊन कोणी आपल्या संसाराला गुण देत बसू नये, कारण जोडपी थोडी होती आणि ती दुसऱ्या समाजातली होती. पण एकत्र राहिलेल्यांनीही प्रत्येक हाकेला ओ दिली नव्हती, ही बाब मला फार दिलासा देणारी वाटते.

आता दुसरी हाक. सकाळी ते बातम्या वाचून दाखवतात, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे. मी ते वाक्य वाचून थांबलो. त्यांना ती बातमी मनात वाचता आली असती. चोवीस वर्षांनंतरही ती मोठ्याने वाचून तुमच्यापर्यंत पोहोचवावीशी वाटते, याचा अर्थ ते तुम्हाला रोज सकाळी हाक मारत आहेत आणि ती हाक नेमकी तुमच्या घाईच्या वेळी येते आहे. तुम्ही मारता ती संध्याकाळी, जेव्हा ते कारखान्यातून थकून आलेले असतात. दोघेही बोलावत आहेत आणि दोघांनाही वाटते आहे की समोरचा ऐकत नाही. अनेक वर्षे मुलगी मध्ये होती, तिच्या अभ्यासाच्या आणि परीक्षांच्या निमित्ताने तुमचे बोलणे होत राहिले. ती पुण्याला गेल्यावर ही चुकामूक उघडी पडली असावी.

‘छान’ या शब्दाने तुम्ही दुखावलात, हेही योग्यच आहे. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की जोडीदाराने आणलेल्या चांगल्या बातमीत रस घेऊन चार प्रश्न विचारणाऱ्या जोडप्यांचे नाते अधिक समाधानाचे होते, आणि कोरड्या, निमूट प्रतिसादाचा संबंध असमाधानाशी होता. दुःखात धावून जाण्याचे संस्कार आपल्यावर होतात. आनंदात सहभागी होण्यासाठी मात्र ‘कोणती मुलगी? तिच्या घरी कळवले का?’ एवढे विचारावे लागते, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. म्हणून बहिणीचा सल्ला मला मान्य नाही. आपल्या आनंदाची विचारपूस व्हावी, ही अपेक्षा कमी करण्यासारखी नाही. ती त्यांना शब्दांत सांगायला हवी.

दिरांच्या पैशांचा वाद कदाचित कधीच मिटणार नाही. गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार जोडप्यांमधले सुमारे 69 टक्के मतभेद असे कायमचेच असतात, कारण ते स्वभावांतून आणि वेगवेगळ्या घरांच्या रीतींतून आलेले असतात. त्यावर एक लहान उपाय आहे. इलाय फिंकेल आणि सहकाऱ्यांनी शिकागो परिसरातील 120 जोडप्यांपैकी निम्म्यांना अलीकडच्या एका भांडणाबद्दल असे लिहायला सांगितले, की दोघांचेही भले चिंतणारा एखादा तिसरा माणूस ते कसे पाहील. एका वेळी सात मिनिटे, वर्षातून तीनदा. न लिहिणाऱ्यांचे वैवाहिक समाधान घटत राहिले, लिहिणाऱ्यांच्या बाबतीत ती घसरण थांबली. या दिवाळीच्या आधी तुम्ही दोघांनी स्वतंत्रपणे असे लिहून पाहावे. तुमच्या पत्रात भीती, मारहाण किंवा अपमान यांचा उल्लेख नाही, म्हणूनच मी हे सुचवतो आहे. ज्या घरांत ते आहे, तिथल्या वाचक भगिनींनी हे उत्तर आपल्यासाठी मानू नये आणि 181 या महिला मदत क्रमांकावर संपर्क साधावा.

उत्तर पतींना दाखवावे का, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य दाखवावे, पण लगेच नको. सांगितल्याशिवाय हा अंक त्यांच्या हाती दिलात, तर तो आरोपपत्रासारखा वाटेल. आधी आठवडाभर, ते बातमी वाचू लागले की पोळी तव्यावर नसेल त्या क्षणी हात थांबवून त्यांच्याकडे वळावे आणि त्या बातमीबद्दल एखादा प्रश्न विचारावा. मग एखाद्या रविवारी चहाच्या वेळी, हे पत्र माझेच आहे, असे सांगून तुम्हीच त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवावे.