सर्व्हरची खोली, गुरुवारची वीज आणि गॅसचं कोटेशन

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमची पतसंस्था नारायण पेठेत, वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. पूर्वी स्टेशनरी ठेवायचो त्या ८ बाय १० फुटांच्या, ९ फूट उंचीच्या खोलीत आता सर्व्हरची रॅक आहे. त्यात दोन सर्व्हर, एक स्टोरेज बॉक्स, स्विच आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. शेजारी ३ केव्हीएचा यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या. रॅकच्या बरोबर डोक्यावर दीड टनाचा स्प्लिट एसी, रात्रंदिवस १८ वर. तरी त्यावर बर्फ धरतो आणि खाली पाणी ठिबकतं. एसीवाला म्हणतो, दोन टनाचा घ्या. दुसरे एक गृहस्थ आग विझवणाऱ्या गॅस सिस्टीमचं कोटेशन देऊन गेलेत. आकडा बघून संचालक मंडळ गप्पच झालं. नेमकं काय करावं?
— एका पतसंस्थेचे व्यवस्थापक, पुणे

उत्तर : साहेब, दोन टनाचा घेऊ नका. आधी यूपीएसच्या डिस्प्लेवर लोड किती वॉट दाखवतोय ते बघा. तुम्ही लिहिलेल्या सामानाचा तो ८०० ते १००० च्या आसपास असावा. सर्व्हरने घेतलेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच पडते. यूपीएसची स्वतःची उष्णता, दिवा, दुपारी तापणारी भिंत असं सगळं धरलं तरी बेरीज २ किलोवॉटच्या पुढे जायची नाही. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. तेव्हा आहे तोच एसी गरजेच्या दुपटीहून मोठा आहे.

बर्फ धरतो म्हणून एसी कमी पडतोय, असं समजायचं कारण नाही. कॉइलवरून पुरेशी हवा जात नसेल किंवा गॅस उतरला असेल तर बर्फ धरतो. जाळी काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. त्यात सेटिंग १८, पंखा सगळ्यात हळू आणि बाहेर डिसेंबरातली रात्र असली की बर्फ धरणारच. वितळला की पाणी ड्रेनच्या नळीतून जायच्या ऐवजी रॅकवर. इनडोअर युनिट आधी रॅकच्या डोक्यावरून हलवा, बाकीचं सगळं मागून केलंत तरी चालेल.

१८ ची गरजही नाही. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या अॅशरे या संस्थेची शिफारस आहे की सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी. तुम्ही २४ वर ठेवा. थंड हवा रॅकच्या पुढच्या बाजूला मिळाली पाहिजे. मागे हात धरून बघा, गरम वारा लागेल. तो वळून पुन्हा पुढे येऊ नये म्हणून रॅकमधल्या रिकाम्या खणांना पट्ट्या लावून टाका. खर्च किरकोळ, आणि फरक त्याच दिवशी कळतो.

पैसे खर्च करायचेच तर एक-एक टनाचे दोन एसी घ्या. दोघांना वेगवेगळे एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच) द्या आणि आलटून पालटून चालवणारा टायमर बसवा. एक बंद पडला तर दुसरा एकटा खोली सांभाळतो. घेताना दुकानदाराकडून ऑटो रीस्टार्ट आहे याची खात्री करून घ्या आणि बसवल्यावर स्वतः एमसीबी पाडून परत वर करून बघा. वीज आल्यावर रिमोटची वाट बघत बसणारा एसी सर्व्हरच्या खोलीत कामाचा नाही. भवानी पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडे एसी रोज रात्री अकराला बंद पडायचा. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, आतला सर्किट बोर्ड (पीसीबी) बदलून झाला. शेवटी कळलं की वॉचमन काटकसरी होता. बिल वाचावं म्हणून जाता जाता बटण खाली करायचा. त्या बटणाला आता कुलूप आहे.

आता गुरुवार. महावितरणचं दुरुस्तीचं शटडाउन पुण्यात बहुतेक गुरुवारी असतं, हे पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा तुमचा सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो आणि एसी बंद होतो. यूपीएस जितका दमदार तितकी खोलीची भट्टी जास्त. तुमच्या खोलीत हवा जेमतेम २० घनमीटर. नुसत्या हवेचा हिशेब केला तर १ किलोवॉटने ती एक अंश तापायला अर्धा मिनिटही लागत नाही. भिंती आणि रॅकचं लोखंड उष्णता पितात म्हणून थोडी उसंत मिळते, इतकंच. एसीला याच यूपीएसवर टाकू नका, कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्याला झेपणार नाही. इमारतीचा जनरेटर असेल तर दोनपैकी एका एसीची लाइन त्यावर घ्या. नसेल तर शटडाउनच्या वेळी दार उघडं, दारात पंखा आणि ठरावीक मिनिटांनंतर सर्व्हर आपोआप रीतसर बंद होईल अशी यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय. डेझर्ट कूलर मात्र आणू नका. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो माणसाला सुखाचा वाटतो, पण बंद खोलीत दमटपणा वाढवत नेतो. पावसाळ्यात खिडकीही उघडायची नाही.

रॅकच्या पुढच्या बाजूला, वरच्या एक तृतीयांश भागात एक तापमानाचा सेन्सर लावा. तो एसएमएस पाठवणारा हवा. वाय-फायवरचा घेतलात तर वीज गेल्यावर राउटरबरोबर तोही झोपेल. ३० अंशांना मेसेज, ३५ ला सर्व्हर बंद. मेसेज दोघांना जावा आणि त्यातला एक तरी पेठेत राहणारा असावा.

आता आग. सर्व्हरचा पत्रा सहजी पेटत नाही. पेटतं ते त्या खोलीत उगाच ठेवलेलं सामान. ही खोली पूर्वी स्टेशनरीची होती म्हणता, म्हणजे जुनी व्हाउचर्स, सर्व्हरचे रिकामे खोके आणि थर्माकोल अजून कोपऱ्यात असणार. आजच बाहेर काढा. मग प्लग. यूपीएसचा १६ अँपिअरचा प्लग, रीतसर बंद करून, काढून पिना बघा. एखाद्या पिनेच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं तर तिथे जोड ढिला आहे आणि रोज थोडा थोडा जळतोय. एक्स्टेन्शन बोर्डला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडलेला असेल तर तो काढा, त्यावर चर्चा नको.

बॅटऱ्या शक्यतो शेजारच्या हवेशीर जागेत हलवा. शिशाच्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं, आणि जास्त चार्ज झाली तर तिच्यातून हायड्रोजन सुटतो. पोट फुगलेली बॅटरी दिसली की बदलायची, पुढच्या बजेटची वाट बघायची नाही. लिथियमच्या घेणार असाल तर वेगळ्या खोलीचा आग्रह दुप्पट धरा. दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये लिथियम बॅटऱ्या हलवतानाच आग लागली, ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींच्या एका मोठ्या साठ्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. तुमच्या बॅकअपची डिस्क कुठे असते? त्याच रॅकखालच्या कपाटात असेल तर आज संध्याकाळी ती दुसऱ्या शाखेत जाऊ द्या.

गॅसच्या कोटेशनचं माझं मत : सध्या नको. हा गॅस साधारण १० सेकंदांत खोलीत सुटतो आणि नंतर दहाएक मिनिटं तिथेच टिकावा लागतो. पेठेतल्या खोल्या मला ठाऊक आहेत. जुन्या विंडो एसीच्या भोकाला प्लायवूड, फॉल्स सीलिंगच्या वर शेजारच्या खोलीपर्यंत मोकळी पोकळी, केबलसाठी भिंतीला मुठीएवढं भोक. लाखांचा गॅस संचालकांच्या केबिनमध्ये निघून जाईल. पुढे कधी लावलाच तर विक्रेत्याला विचारा : खोलीची गळती पंखा लावून तपासून देणार का, गॅस सुटताच एसी आणि वीज आपोआप तुटणार का, आणि कोणता गॅस? एफएम-२०० म्हणून विकतात तो एचएफसी-२२७ईए, हवामानाला कार्बन डायऑक्साइडच्या ३००० पटींहून जास्त तापदायक. दुसरा गॅस एफके-५-१-१२, तो त्या बाबतीत निरुपद्रवी, पण नोव्हेक हा त्याचा मूळ ब्रँड बनवणाऱ्या ३एमने २०२५ अखेर उत्पादनातून बाहेर पडायचं जाहीर केलं होतं, तेव्हा रिफिल कोणाचं आणि कुठून, हे लेखी घ्या. खोली भरून कार्बन डायऑक्साइड सोडणारी सिस्टीम कोणी स्वस्तात देऊ केली तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आग विझवायला हवेत किमान ३४ टक्के लागतो, आणि तेवढ्यात आतला माणूस वाचत नाही.

तुम्हाला पुरेसं आहे ते असं. छतावर एक आणि रॅकच्या वर एक असे दोन स्मोक डिटेक्टर, बाहेर भोंगा, त्याला फोन लावणारा डायलर. दाराच्या बाहेर २ किलोचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. साडेचार किलोचा घ्यावासा वाटेल; पण या खोलीत तो पूर्ण मारला तर हवेत शेकडा दहाच्या वर गॅस होतो आणि माणूस शुद्ध हरपतो. लहान सिलिंडरसुद्धा दारात उभं राहून, आधी वीज तोडून मारायचा आणि दार ओढून बाहेर यायचं. एका सिलिंडरने भागलं नाही तर १०१. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं; इमारतीचं कोण देतं ते सोसायटीच्या सचिवांना विचारून ठेवा.

प्रश्न : माझा दातांचा दवाखाना कोथरूडला आहे. एक्स-रेचा कॉम्प्युटर जिन्याखालच्या लाकडी कपाटात ठेवलाय, शेजारी एबीसी पावडरचा सिलिंडर आहे. चालेल ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : डॉक्टर, कपाटाच्या दाराला खाली आणि वर जाळी लावून घ्या, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल. सिलिंडर राहू द्या, पण कपाटातून काढून रिसेप्शनपाशी लावा. जळत्या कपाटात हात घालून तो काढता येणार नाही. पावडर विझवते चांगली, मात्र तिच्यात मोनो अमोनियम फॉस्फेट असतं, ते ओलावा धरून सर्किट खातं. ती मारली की कॉम्प्युटर गेलाच समजा. वर जायची-यायची वाट तो जिना एकच असेल तर कपाटच तिथून हलवा.