बायकोला अर्धीच किंमत सांगतो

प्रश्न : मी 36 वर्षांचा आहे. डिझायनर टॉय, म्हणजे कलाकारांनी घडवलेली, मोजक्या संख्येत निघणारी खेळणी, जमवायचा मला नाद आहे. बायको याला पोरखेळ म्हणते, म्हणून तिला किंमत निम्मीच सांगतो आणि अर्धेअधिक डबे कपाटात चादरींच्या मागे ठेवतो. बरीच वर्षं शोधत असलेली एक 'सोल्ड आउट' आवृत्ती आता पाचपट दराने मिळतेय. मुलीच्या फीचे पैसे बाजूला काढलेत, ते तूर्त वापरून नंतर भरू का? पुढे किंमत वाढेलच ना? आणि कपाटातली काही खेळणी चिकट झालीत, ती कशाने?

उत्तर : फीच्या पैशाला हात लावू नका. 'तूर्त' या शब्दावर आजवर किती संसार वाकले, ते माझ्या टपालात रोज दिसतं.

पोरखेळ म्हणाल, तर मी तुमच्या बाजूची आहे. हाँगकाँगचा कलाकार मायकल लाऊ याने 1999 मध्ये आपल्या बाहुल्यांचं प्रदर्शन मांडलं, त्याच वर्षी अमेरिकन कलाकार कॉजचा 'कम्पॅनियन' हा बाहुला जपानमध्ये विक्रीला आला. तेव्हापासून मोठी माणसं ही खेळणी चित्र-शिल्पासारखी जमवताहेत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग किंमत निम्मी का सांगता? बायकोला बाहुल्या खुपतात की तुमचं लपवणं, हे तुम्ही तिला विचारलेलंच दिसत नाही. सगळा हिशेब कागदावर मांडा आणि तिच्यासमोर ठेवा. भांडण होईल, होऊ द्या. त्यानंतर महिन्याची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा.

किंमत वाढेलच, हे तुम्हाला कोणी सांगितलं? विकणाऱ्यानेच ना? 2025 मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढा लबुबू, म्हणजे तो लांब कानांचा, दात विचकणारा बाहुला, 10 लाख 80 हजार युआनला गेला, हे उदाहरण प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असतं. तो एकुलता एक नग होता. त्याच वर्षी ते विकणाऱ्या पॉप मार्ट या चिनी कंपनीने साधे लबुबू पुन्हा बाजारात ओतले आणि दुय्यम बाजारातले, म्हणजे पुनर्विक्रीचे, दर धाडकन खाली आले, हे मात्र कोणी सांगत नाही. 'संपलं' हे बऱ्याचदा कंपनीने ठरवलेलं असतं. उद्या तिने पुन्हा काढलं तर तुम्ही काय करणार?

ब्लाइंड बॉक्सचंही, म्हणजे आत कोणती बाहुली आहे हे फोडेपर्यंत न कळणाऱ्या डब्याचंही, तसंच. 'सीक्रेट', म्हणजे मालिकेतली दुर्मीळ बाहुली, 72 डब्यांत एक, असं छापलेलं असतं. माणूस समजतो, 72 घेतले की मिळालंच. सुटे डबे इकडून तिकडून उचललेत, तर 72 फोडूनही ते न मिळण्याची शक्यता तीनांत एकाहून जास्त उरते. हवी ती बाहुली नशिबावर सोडण्यापेक्षा उघडून ठेवलेली, ओळखीच्या संग्राहकाकडून घ्या. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका. लबुबू असेल तर दात मोजा, नऊच हवेत. अर्थात नक्कल करणाऱ्यांनाही मोजता येतं, म्हणून डब्यावरचा कोड खरवडून तपासाच.

आता चिकटपणा. ही खेळणी ज्या मऊ व्हिनाइल प्लास्टिकची असतात, त्यात ते लवचीक राहावं म्हणून तेलकट द्रव्य घालतात. बंद, कोंदट, उबदार जागेत ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवा नसल्याने तिथेच साचतं. म्हणजे चादरींच्या मागे लपवल्यानेच ती बिघडताहेत. सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि हवेशीर मांडणीत ठेवा. ऊन मात्र लागू देऊ नका, रंग पिवळा पडतो.

मांडणी दिवाणखान्यात हवी की तुमच्या टेबलाशी, हे बायकोला विचारूनच ठरवा. दोन-दोन आलेले नग विकायला काढा, त्यातून पुढच्या खरेदीचे पैसे उभे राहतील. रिकामे डबे मात्र फेकू नका, डब्यासकट दर चांगला येतो.